पहिल्या वेबसाइटची निश: डोमेन घेण्याआधी करायची कामं

साइट काढायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी डोमेन घेतात, होस्टिंग घेतात, थीमचे रंग जुळवण्यात आठवडा घालवतात आणि मग लिहायचं कशावर याचा, म्हणजे निशचा (साइटच्या नेमक्या, अरुंद विषयाचा) विचार करायला बसतात. हा क्रम उलटा हवा. डोमेन घ्यायला दहा मिनिटं पुरतात. निश ठरवायला नीट बसलात तर दोन-तीन आठवडे लागतील आणि ते खुशाल लागू द्या, कारण निश चुकली तर पुढच्या सहा-आठ महिन्यांचं लिखाण त्याच चुकीवर उभं राहतं.

फिटनेस, प्रवास, गॅजेट्स, पाळीव प्राणी हे सगळे नुसते विषय झाले. निश म्हणायला तीन गोष्टी कळायला हव्यात: माणूस कोण, तो कशात अडकलाय, आणि त्यातून सुटताना तो काही विकत घेतो का. यातली एक जरी सांगता आली नाही तरी निश अजून सापडलेली नाही असं धरून चाला.

एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. विषय पाळीव प्राण्यांचा. त्यात मासे. त्यात गोड्या पाण्याचा फिश टँक. आणि त्यात २० ते ४० लिटरचा, आयुष्यातला पहिला टँक. पहिल्या तीन पायऱ्यांवर मोठ्या साइट्स वर्षानुवर्षं बसलेल्या आहेत. चौथ्या पायरीवर नवख्याला पाय ठेवायला जागा मिळू शकते, आणि त्याला कारण आहे. टँक लहान झाला की सल्लाच बदलतो. २०० लिटर पाण्यात जास्तीचं खाणं पडलं तर फारसं बिघडत नाही. २० लिटरमध्ये तेवढ्यानंच अमोनिया चढतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. रात्री खोली गार झाली की लहान टँकचं पाणी भराभर थंड होतं. मोठ्या टँकचा फिल्टर लावला तर बेटासारखा लांब पंखांचा मासा प्रवाहात फेकला जातो. म्हणजे मोठ्या टँकवरचा लेख वाचूनही लहान टँकवाल्याचं समाधान होत नाही, तो शोधतच राहतो. तुमची साइट त्याच्यासाठी.

विषय अरुंद करताना हीच कसोटी लावा: मर्यादा घातल्यावर सल्ला बदलतो का? ‘विद्यार्थ्यांसाठी लॅपटॉप’ म्हटलं तर सल्ला जवळपास तोच राहतो, कमी किमतीचा घ्या आणि बॅटरी बघा. ‘सीएडी (संगणकावर आराखडे काढायचं) सॉफ्टवेअर चालवायचंय पण रोज पाठीवर वागवायचाय’ म्हटलं की वजन, ग्राफिक्स कार्ड, उष्णता आणि चार्जरचा आकार या सगळ्यांचा एकमेकांशी झगडा सुरू होतो. तिथे लिहिण्यासारखं पुष्कळ असतं. मर्यादा जागेची असू शकते, वेळेची, शरीराची, जुन्या यंत्राची किंवा पहिल्यांदाच करत असल्याची. नुसतं वय किंवा लिंग जोडून निश अरुंद होत नाही, फक्त शीर्षक लांबतं.

आवड असायलाच हवी का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत असं की आवड असली तर उत्तमच, पण त्याहून गरजेची आहे ती वस्तू हाताशी असणं. ज्या गोष्टीचा तुम्ही स्वतः फोटो काढू शकता, जी उघडून बघू शकता, मोजू शकता, तीच निवडा. गूगलच्या सर्च-गुणवत्तेच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष जोडला गेला. ही मार्गदर्शिका म्हणजे रँकिंगचं सूत्र नव्हे, पण कल कुठे आहे ते त्यातून कळतं. पुढे मार्च २०२४ मध्ये ढिगानं पानं पाडून सर्चमध्ये घुसवण्याविरुद्ध वेगळं धोरणच आलं, मग ती पानं एआयनं लिहिलेली असोत की माणसानं. स्वतःला काहीच माहिती नसलेल्या, पण ‘पैसा आहे’ म्हणून ऐकलेल्या निशमध्ये दोनशे लेख टाकायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

पन्नास शीर्षकं, तीही सर्च न उघडता

दहा-बारा संभाव्य निश लिहून काढा. कुठून आणायच्या? गेल्या वर्षभरात तुम्ही कशावर पैसे खर्च केलेत, ओळखीचे लोक तुम्हाला फोन करून काय विचारतात, कामाच्या ठिकाणी कुठलं यंत्र फक्त तुम्हालाच नीट चालवता येतं, तिथून. मग त्यातली एकेक घेऊन कागदावर पन्नास लेखांची शीर्षकं लिहा. पाऊण तास द्या, इंटरनेट बंद ठेवा. शीर्षक वाचकाच्या तोंडी शोभेल असं हवं. ‘फिल्टरचं महत्त्व’ असं कुणी शोधत नाही. ‘फिल्टर चालू केल्यावर खरखर आवाज येतो’ असं शोधतात.

लहान टँकच्या निशमध्ये ही यादी कशी दिसेल बघा: नव्या टँकचं पाणी तिसऱ्या दिवशी दुधासारखं का झालं; मासे सोडायला किती दिवस थांबायचं; हीटर चालू असूनही पाणी गार का; २० लिटरमध्ये स्पंज फिल्टर की टांगायचा फिल्टर; काचेवर तपकिरी थर आला; गोगलगाई कुठून आल्या; आठ दिवस गावाला जायचं असेल तर खाण्याचं काय; झिंगे ठेवलेत तर तांबं असलेलं औषध का चालत नाही. लिहिता लिहिता लक्षात येईल की शीर्षकांचे तीन-चार गट पडतात. काही बिघाडाचे, काही निवडीचे, काही ‘कसं करायचं’ प्रकारचे.

पंचवीसच्या पुढे हात चालेना, तर निश फार अरुंद आहे किंवा तुम्हाला ती पुरेशी माहीत नाही. सगळी शीर्षकं एकाच गटात, म्हणजे समजा फक्त ‘सर्वोत्तम अमुक’ छापाची, येत असतील तर तीही धोक्याची खूण समजा. गूगल निकालांचा क्रम लावायची पद्धत अधूनमधून बदलतं, आणि अशा बदलांमध्ये नुसत्या खरेदी-याद्यांची साइट सगळ्यात आधी हलते, कारण असंच लिखाण शेकडो जणांनी वस्तू हातात न घेता केलेलं आहे. आणि पन्नास शीर्षकं दहा मिनिटांत झाली पण ती ‘माशांचे प्रकार’, ‘माशांचे आजार’ अशी ऐसपैस असली, तर अजून एक पायरी खाली उतरा.

ही चाळणी लावली की बारातल्या तीन-चारच निश उरतात. पुढचं सगळं त्या तीन-चारांवरच करायचं.

पहिलं पान नीट वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पन्नासपैकी दहा शीर्षकं निवडा, ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडा आणि एकेक शोधा. पहिल्या पानावरच्या प्रत्येक निकालासमोर चार गोष्टी टिपायच्या: साइट कोणाची (मोठं माध्यम, दुकान, कंपनी, फोरम, व्हिडिओ की कुणा एकट्याची छोटी साइट), लेख कधीचा, त्यात स्वतः काढलेले फोटो आहेत का, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरोखर मिळतं का. लेख उघडून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चौथी गोष्ट लिहू नका.

‘नव्या टँकचं पाणी पांढुरकं’ हेच घ्या. बहुतेक लेख जिवाणूंची वाढ होते असं सांगून पाणी बदलायला सांगतात. पण नव्या टँकमध्ये पांढुरकेपणा आला म्हणून सगळं पाणी बदललं की तो दोन दिवसांनी परत येतो, कारण अजून समतोल बसलेला नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. वाचकाला हवंय ते असं: पाणी पांढरं आहे की हिरवट, टँक किती दिवसांचा, मासे आत आहेत की नाहीत, चाचणीत अमोनिया किती दिसतो, आणि या चारांवरून आज काय करायचं व काय करायचं नाही. पहिल्या दहांतल्या एकाही लेखात अशी फोड नसेल, तर त्या शोधात तुम्हाला शिरकाव आहे. दहापैकी तीन-चार शोधांत अशी फट दिसली तर निश धरण्यासारखी. एकाही शोधात दिसली नाही तर सोडून द्या, कितीही आवडती असली तरी.

एक जुना ठोकताळा आता तपासून वापरावा लागतो. पूर्वी पहिल्या पानावर फोरमचा धागा दिसला की स्पर्धा कमी असं धरलं जायचं. २०२३ पासून गूगल रेडिट आणि इतर चर्चांची पानं मुद्दामच वर दाखवतं, तेव्हा फोरम दिसला म्हणजे जागा मोकळी असं राहिलेलं नाही. कुणा एकट्याची, एकाच विषयावरची छोटी साइट पहिल्या पाचांत दिसते का ते बघा. दिसत असेल तर तुमच्यासारख्याला तिथे पोहोचता येतं याचा तो पुरावा आहे. साइट छोटी आणि वर्षा-दोन वर्षांतली असेल तर फारच चांगलं.

दुसरी गोष्ट एआयच्या उत्तरांची. गूगलनं मे २०२४ मध्ये अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यूज (निकालांच्या वर एआयनं तयार केलेलं उत्तर) सुरू केले आणि मग ते इतर देशांत नेले. ज्याचं उत्तर एका आकड्यात किंवा दोन ओळींत संपतं, त्याचा वाचक आता सर्चच्या पानावरूनच परत जातो. ‘बेटा माशाला तापमान किती’ याचं उत्तर २५ ते २७ अंश सेल्सिअस. त्यासाठी कुणी तुमच्या साइटवर येणार नाही. ‘हीटर चालू आहे तरी पाणी २२ अंशांच्या वर जात नाही’ याला मात्र पडताळणी लागते: हीटर किती वॅटचा, टँकवर झाकण आहे का, हीटर प्रवाहात लावलाय की कोपऱ्यात, थर्मामीटर बरोबर दाखवतो का. पन्नास शीर्षकांतली किती पहिल्या जातीची आणि किती दुसऱ्या, हे मोजा. निम्म्याहून जास्त एका ओळीत संपणारी असतील तर ती निश आज घेऊ नये.

टूल्सबद्दल थोडक्यात. गूगल कीवर्ड प्लॅनर (कुठला कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, किती वेळा शोधला जातो हे सांगणारं टूल) फुकट आहे, पण जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्याला तो नेमका आकडा देत नाही. १०० ते १,००० असा ऐसपैस पट्टा दाखवतो. आणि त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधली स्पर्धा सांगतो. सर्चमध्ये वर येणं किती अवघड, याच्याशी त्याचा संबंध नाही. हा गैरसमज इतका सर्रास आहे की ‘स्पर्धा कमी’ एवढ्यावर लोक निश ठरवून मोकळे होतात. खरं तर जाहिरातदारांची स्पर्धा कमी म्हणजे त्या शब्दावर पैसे लावायला कुणी तयार नाही, आणि ती आपल्यासाठी वाईट बातमी असू शकते. सशुल्क टूल्समधला ‘अवघडपणा’ चा आकडा मुख्यतः वरच्या पानांना किती बाहेरच्या लिंक्स आहेत त्यावर बेतलेला असतो. ती पानं किती चांगली लिहिलीत हे त्याला कळत नाही. दिशा कळायला ठीक, निर्णय त्यावर नको.

गूगल ट्रेंड्समध्ये (एखाद्या शोधाची लोकप्रियता काळानुसार रेघेत दाखवणारं टूल) कालावधी ५ वर्षांचा ठेवा. तिथला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत, त्या काळातला सर्वोच्च बिंदू. रेघ साधारण सपाट किंवा हळू चढणारी हवी. दरवर्षी ठरावीक महिन्यांत डोंगर आणि मग दरी असेल तर तो हंगामी धंदा झाला. चालतो, पण लेख हंगामाच्या चार-पाच महिने आधी तयार हवेत, कारण नव्या साइटला वर यायला तेवढा वेळ लागतो. एकच उंच सुळका आणि पुढे शांतता असेल तर हात लावू नका. २०१७ च्या फिजेट स्पिनरची रेघ एकदा काढून बघा, ओळख पटून जाईल.

पैशाचा हिशेब कागदावर

आता अ‍ॅफिलिएटचा हिशेब. अ‍ॅफिलिएट म्हणजे तुमच्या लिंकवरून वाचकानं दुकानात खरेदी केली की तुम्हाला मिळणारं कमिशन. चलन कुठलंही धरा. एका लेखाला महिन्याला १,००० वाचक आले. त्यातल्या १०० जणांनी दुकानाच्या लिंकवर क्लिक केलं, तिघांनी वस्तू घेतली. वस्तूची किंमत १०० आणि कमिशन ४ टक्के, म्हणजे हाती आले १२. हेच वस्तू २,००० ची असेल आणि तिघांऐवजी एकानंच घेतली, तरी ८० होतात. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या निशचे वेगळे भरतील, पण लिहायला बसण्याआधी असा हिशेब पाच लेखांसाठी मांडलाच पाहिजे.

मग नुसत्या महागड्या वस्तूंची निश घ्यावी का? तिथेही गळती आहे. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट योजनेत क्लिक केल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तरच कमिशन मिळतं. त्या वेळेत वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर मुदत वाढते. महाग वस्तू घेताना माणूस आठवडाभर घुटमळतो, घरी विचारतो, तोवर तुमची मुदत संपलेली असते. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो वाचक आजच अडकलेला. ज्याचा हीटर आज बंद पडलाय आणि मासे सुस्त झालेत, तो रात्रीच्या आत नवीन मागवतो. मधल्या किमतीची वस्तू आणि तातडीची गरज, ही जोडी शोधा.

पुन्हा पुन्हा लागणाऱ्या वस्तूंबद्दल एक सावधगिरी. पाण्यातलं क्लोरीन काढायचं द्रव, चाचणीची रसायनं, फिल्टरचा स्पंज हे सगळं परत परत घ्यावं लागतं खरं, पण दुसऱ्या वेळी ग्राहक तुमच्या साइटवर न येता थेट दुकानात जातो. तुमच्या वाट्याला पहिलीच खरेदी येते. ईमेल यादी असेल किंवा दर महिन्याला चालू राहणारं सदस्यत्व विकणारी योजना असेल, तरच ‘पुन्हा पुन्हा’चा फायदा तुम्हाला.

एकाच योजनेवर निश उभी करू नका. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. लेख तेच, वाचक तेच, आणि त्या विभागांतलं उत्पन्न निम्म्याहूनही खाली. म्हणून निश पक्की करण्याआधी निदान तीन वेगवेगळे विक्रेते किंवा योजना सापडतात का ते बघा, आणि प्रत्येकाच्या अटी वाचा. अ‍ॅमेझॉनमध्ये नोंदणी केल्यावर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं, तेव्हा साइट रिकामी असताना नोंदणी करण्यात अर्थ नाही.

जाहिरातींचं उत्पन्न वाचकसंख्येवर चालतं. अ‍ॅडसेन्स ही साइटवर जाहिराती दाखवायची गूगलची योजना. अ‍ॅडसेन्समध्ये जाहिरातदाराच्या पैशातला साधारण ६८ टक्के वाटा साइटवाल्याला मिळतो, पण महिन्याला दोन-तीन हजार पानं बघितली जाणाऱ्या साइटवर त्यातून होस्टिंगचा खर्च निघाला तरी पुष्कळ. तुमची साइट ज्या भाषेत असेल ती भाषा योजनेत चालते का, हे आधी बघून घ्या. तिसरा मार्ग स्वतःच्या छोट्या उत्पादनाचा. ‘पहिल्या ४० दिवसांत रोज काय मोजायचं’ असा छापून भिंतीवर लावायचा तक्ता, किंवा ‘२० लिटरमध्ये कुठले मासे एकत्र राहतात’ याची तपशीलवार यादी. संपूर्ण किंमत तुमची, मुदतीची भानगड नाही. बिघाडाच्या प्रश्नांनी भरलेल्या निशमध्ये हा मार्ग चांगला चालतो, आणि नवखे तो सहसा विचारातच घेत नाहीत.

काही निश पहिल्या साइटसाठी सरळ बाजूला ठेवा. आजार आणि औषधं, कर्ज, विमा, गुंतवणूक, कायदेशीर सल्ला. इथे कमिशन आकर्षक असतं म्हणून लोक जातात. पण चुकीच्या सल्ल्यानं माणसाचं खरोखर नुकसान होतं, म्हणून गूगल या विषयांना कडक निकष लावतं. ऑगस्ट २०१८ च्या मोठ्या बदलात आरोग्याच्या साइट्स इतक्या हलल्या की त्या बदलाला लोकांनी ‘मेडिक’ असंच नाव दिलं. तुम्ही स्वतः त्या व्यवसायातले पात्र जाणकार असाल तर गोष्ट वेगळी.

नाव, आणि पहिले पंधरा लेख

आता डोमेन घ्या. नाव निशपेक्षा एक पायरी रुंद ठेवा. ‘वीस लिटर टँक’ असं नाव घेतलंत आणि पुढे ६० लिटरवर लिहावंसं वाटलं तर नावच आडवं येतं. ‘लहान टँक’ चालेल. कुठल्याही कंपनीचं किंवा उत्पादनाचं नाव डोमेनमध्ये घालू नका, ट्रेडमार्कची तक्रार आली तर डोमेन हातचं जातं. कीवर्ड जसाच्या तसा डोमेनमध्ये घालण्याचा फायदा गूगलनं सप्टेंबर २०१२ मध्येच कमी केला. घेतलेलं नाव आधी कुणी वापरलं होतं का, हे वेबॅक मशीनवर (साइट्सची जुनी पानं साठवून ठेवणारं संकेतस्थळ) जाऊन बघा. जुगाराची किंवा नकली मालाची पानं दिसली तर दुसरं नाव शोधा.

पहिले पंधरा लेख एकाच गटातले लिहा. आमच्या उदाहरणात सगळे ‘टँक सुरू केल्यापासूनचे पहिले चाळीस दिवस’ यावर. त्यातले दहा बिघाडाचे, तीन कृतीचे, दोन निवडीचे. पंधरा लेख पंधरा दिशांना गेले तर कुठल्याच प्रश्नाला ही साइट पुरी पडत नाही. एका गटातले लेख एकमेकांना आपसूक जोडले जातात, आणि पांढऱ्या पाण्यासाठी आलेला वाचक तिथून चाचणीच्या लेखावर जातो. अ‍ॅफिलिएट लिंक असलेल्या लेखात तसं वरच स्पष्ट लिहा, आणि त्या लिंकच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ ची खूण लावा, म्हणजे ती पैशाची लिंक आहे हे गूगलला कळतं.

साइट सुरू झाल्या दिवशीच सर्च कन्सोल (तुमची साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गूगलचं टूल) जोडा. पहिले तीन महिने क्लिक बघू नका, इम्प्रेशन्स बघा, म्हणजे तुमचं पान किती वेळा निकालांत दिसलं. ते दर महिन्याला वाढत असेल तर क्लिक शून्याजवळ असले तरी निश जिवंत आहे. तुम्ही पाचव्या-सहाव्या पानावरून वर सरकताय. सहा महिने झाले, पंचवीसेक लेख झाले, सगळे इंडेक्स झाले (गूगलच्या नोंदीत आले) आणि तरीही इम्प्रेशन्सची रेघ आडवीच, तर काहीतरी चुकलंय. तेव्हा साइट बंद करून नवीन निश शोधायच्या आधी सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी उघडा आणि इम्प्रेशन्सच्या क्रमानं लावा. बऱ्याचदा तिथे असे शब्द सापडतात ज्यांवर तुम्ही लेख लिहिलेलाच नसतो, कुठल्या तरी लेखात त्यांचा एका ओळीचा उल्लेख असतो. लहान टँकच्या साइटवर झिंग्यांचे पाच-सहा शोध वर आले असतील, तर पुढचे दहा लेख झिंग्यांवर लिहा.